नावांची वही कोणाकडे? मोबाइल ॲपच्या नामकरणाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. आपल्या फोनमधल्या प्रत्येक ॲपला दोन नावे असतात. एक चित्राखाली लिहिलेले, आपल्याला दिसणारे. दुसरे फोनला ठाऊक असलेले. त्याला ‘पॅकेज नेम’ म्हणतात. आता गूगल पे घ्या. फोनच्या लेखी त्याचे नाव आहे ‘कॉम.गूगल.अँड्रॉइड.ॲप्स.एनबीयू.पैसा.यूजर’. यात ‘पैसा’ कुठून आला? तर हे ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये भारतात ‘तेज’ या नावाने आले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचे ‘गूगल पे’ झाले. वरचे नाव बदलले, आतला ‘पैसा’ मात्र तसाच राहिला.

असे का होते? आतले नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा? आणि नाव ठेवणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे का? या तीन प्रश्नांचा इतिहास आज आपण पाहू.

सुरुवात अर्पानेटपासून करावी लागते. इंटरनेटच्या या पूर्वजाच्या काळात जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत. तिचे नाव ‘होस्ट्स.टीएक्सटी’. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील एसआरआय या संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचे. ते वहीत नोंद करणार आणि बाकीचे सगळे त्या वहीची प्रत उतरवून घेणार. म्हणजे काय, तर एका गावचा एक तलाठी. पण गावाचे शहर झाले आणि एका तलाठ्याला ते आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ मांडली. तिची कल्पना साधी आहे. एक मोठी वही ठेवायचीच नाही. वरच्याने खालच्याला अधिकार वाटून द्यायचा आणि खालच्याने आपल्या हद्दीतली नावे स्वतः सांभाळायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच यायचे आहे.

पुढचे पाऊल जावाचे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही भाषा जाहीर केली आणि १९९६ मध्ये जेम्स गॉस्लिंग, बिल जॉय आणि गाय स्टील यांनी तिचा नियमग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरचे लोक एकमेकांचा कोड वापरणार, मग दोघांनी एकच नाव ठेवले तर? ग्रंथकारांनी नवी वही उघडली नाही. त्यांनी सुचवले की, तुमच्याकडे डोमेन आहेच, ते उलटे करून वापरा.

उलटे का? आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो ते आठवा. आधी माणूस, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. पण टपालाची छाननी करणारा मात्र खालून वर वाचतो. त्याला आधी जिल्हा हवा असतो. डोमेन पाकिटासारखे लिहिलेले असते आणि पॅकेज नेम छाननीच्या क्रमाने. भीम ॲपचेच पाहा. संस्थेचे डोमेन ‘एनपीसीआय.ओआरजी.इन’, तर ॲपचे नाव ‘इन.ओआरजी.एनपीसीआय.यूपीआयॲप’.

गूगलने अँड्रॉइड जावावर उभे केले, तेव्हा ही पद्धत वारसाहक्काने तिथे आली. आयफोनच्या ॲपलाही अशाच घडणीचा ‘बंडल आयडी’ असतो. ॲपलचे दुकान जुलै २००८ मध्ये उघडले, गूगलचे ‘अँड्रॉइड मार्केट’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. दारावरचे शुल्क वेगळे होते. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, गूगलकडे एकदाच २५ डॉलर.

अँड्रॉइडमध्ये नावाचे नियम थोडके आहेत. निदान दोन भाग हवेत, प्रत्येक भाग अक्षराने सुरू व्हावा, आणि फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतील. देवनागरी चालत नाही. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मिळते, मराठीतही मिळते. पण त्याचे पॅकेज नेम करायचे तर रोमन लिपीतच यावे लागते. आणखी एक गंमत. आज अँड्रॉइडसाठी कोटलिन ही भाषा पुढे आहे आणि तिच्यात ‘इन’ हा राखीव शब्द आहे. त्यामुळे आपल्या देशाच्या ‘इन’ने सुरू होणारे पॅकेज त्या भाषेत लिहिताना ‘इन’ला दोन तिरक्या खुणांमध्ये बांधावे लागते. नियम करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले नाही. आपण त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतो, इतकेच.

आता खरा प्रश्न. डोमेनवरून नाव घेतले, पण ते डोमेन तुमचे आहे का, हे कोण तपासते? अँड्रॉइड तपासत नाही. दुकानात नाव नोंदवताना डोमेनचा पुरावा मागितला जात नसे. जो पहिला आला, त्याचे नाव. म्हणजे डोमेनमुळे नावाला वेगळेपण मिळाले, मालकी नव्हे. आपल्याकडे म्हणतात ना, शेत कसतो कोण ते सोडा, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते सांगा!

मालकीचे काम दुसऱ्याच गोष्टीने केले. तिला आपण शिक्का म्हणू. ॲप बनवणारा स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने ॲपवर डिजिटल सही करतो. पुढची आवृत्ती आली की फोन दोन गोष्टी पाहतो. नाव तेच आहे का, आणि शिक्का त्याच हाताचा आहे का? दोन्ही जुळले तरच जुन्याच्या जागी नवे बसते. नाव बदलले तर फोनच्या लेखी ते वेगळेच ॲप ठरते. म्हणून नाव बदलता येत नाही. गूगलच्या दुकानात तर एकदा वापरलेले नाव ॲप काढून टाकल्यावरही पुन्हा मिळत नाही. किल्ली हरवली तर पूर्वी ॲप पोरके होई. नव्या नावाने पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे इथे एक जुना वाद आठवतो. नैयायिक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. कोणीतरी ठरवले, म्हणून तो झाला. मीमांसक म्हणतात, हा संबंध नित्य आहे; कोणी ठरवलेला नाही, कोणी मोडू शकत नाही. पॅकेज नेमची मौज अशी की, ते जन्मतः नैयायिक असते आणि प्रकाशित होताच मीमांसक होते. सकाळी चहा पिता पिता कोणीतरी ‘पैसा’ लिहिले आणि संध्याकाळी ते नित्य झाले.

राहिला तिसरा प्रश्न, नावामागच्या माणसाचा. याचा इतिहास संगणकाहून जुना आहे. १८३७ च्या अमेरिकन मंदीत अनेक व्यापारी बुडाले, कारण दूरच्या गावच्या अनोळखी माणसाला उधारी द्यायची तर त्याची पत कळायला मार्ग नव्हता. १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन यांनी ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील व्यापाऱ्यांची माहिती कळवत. ती मोठ्या वह्यांत उतरवली जाई आणि वर्गणीदारांना सांगितली जाई. हेच टॅपन गुलामगिरीविरोधी चळवळीत अग्रणी होते. अमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकनांच्या सुटकेसाठी ते झटले आणि तो निकालही १८४१ चाच. माणसाच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यानेच माणसांची नोंदवही उघडली! ज्यांच्या नोंदी होत, त्यांना विचारले जात नसे. ही हेरगिरी आहे अशी टीका झाली, बदनामीचे खटलेही झाले. पण वही टिकली, कारण तिची गरज खरी होती.

या एजन्सीची पुढे ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ झाली. तिचा नऊ आकडी ‘डन्स’ क्रमांक आज संस्थेच्या नावाने ॲप प्रकाशित करणाऱ्याकडे ॲपल मागते आणि २०२३ पासून नव्या खात्यांसाठी गूगलही मागते. व्यक्तीच्या खात्यावरही अटी वाढल्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी २० माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्याची अट आली. डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा १२ झाला.

इथवर हे दुकानाचे नियम होते. दुकान ज्याचे, नियम त्याचे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने मोठी घोषणा केली. दुकानाबाहेरून घेतलेले ॲपसुद्धा प्रमाणित अँड्रॉइड फोनवर चालायचे असेल, तर बनवणाऱ्याने ओळख पटवावी आणि पॅकेज नेम किल्लीच्या पुराव्यासह गूगलकडे नोंदवावे. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, इतर देशांत पुढे. मुक्त ॲपचे भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडने सांगितले की, यामुळे आमचे कामच संपेल. नोव्हेंबरमध्ये गूगलने विद्यार्थी व हौशी लोकांसाठी मर्यादित खाते आणि जाणकारांसाठी वेगळी वाट देण्याचे जाहीर केले.

यात दोन्ही बाजूंना वजन आहे, हे आम्ही मानतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली आणि खाते रिकामे झाले, असे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. ज्याची आयुष्याची पुंजी गेली, त्याला ‘अनामिकतेचे मोल’ काय सांगणार? फसवणाऱ्याला दर वेळी नवे नाव घेऊन यावे लागले, तर त्याचे काम अवघड होईल, हेही खरे. पण दुसरीकडे, ज्याला आपले नाव सांगण्यात धोका आहे, असा पत्रकार आहे. आपल्या गावापुरते, बोलीपुरते छोटे ॲप करून मित्रांना देणारी विद्यार्थिनी आहे. तिने कोणाचीही परवानगी का मागावी?

आम्हांला जे वाटते ते इतकेच. वेगळेपण, सातत्य आणि उत्तरदायित्व या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या आजवर तीन वेगळ्या ठिकाणी भागत होत्या. वेगळेपण डोमेनमधून येई, सातत्य बनवणाऱ्याच्या खिशातल्या किल्लीतून, उत्तरदायित्व कायद्यातून. आता पाहा, ऑगस्ट २०२१ पासून दुकानातल्या नव्या ॲपची किल्ली गूगलच्या तिजोरीत ठेवावी लागते. ओळख गूगलकडे पटवायची. आणि आता दुकानाबाहेरचे नावही गूगलकडेच नोंदवायचे. १९८३ साली एका वहीचा भार असह्य झाला, म्हणून आपण ती वाटून टाकली. चाळीस वर्षांनी पुन्हा एकच वही उघडते आहे, आणि या वेळी ती एका कंपनीच्या कपाटात आहे.

नोंद असू नये, असे आम्ही म्हणत नाही. सातबाराही नोंदच आहे. पण सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार झाला तर तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर प्रांत, आणि शेवटी न्यायालय आहे. या नव्या वहीत नाव खोडले गेले, तर अपील कोणाकडे करायचे? गूगलकडेच. ज्याने खोडले, तोच ऐकणार. हा नियम आपल्या देशात येईल तेव्हा वहीच्या गरजेची चर्चा पुष्कळ होईल. आपण अपिलाबद्दल विचारावे. इथे थांबतो. आपले प्रश्न ऐकायला आवडतील.