द्रोणापासून नाळीपर्यंत : राजा पसेनदीचा आहारसंयम

पालि तिपिटकातील अनित्यता, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने माणसाच्या ताटाविषयी आणि शरीराविषयी तथागतांनी जे सांगितले, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वास्तविक संयुत्तनिकायाच्या सगाथवग्गातील कोसलसंयुत्तात ‘दोणपाक सुत्त’ नावाचे एक छोटेसे सुत्त आहे. वाढलेले वजन एका माणसाने कसे कमी केले, याची ती प्राचीन आणि सुस्पष्ट नोंद होय. प्रस्तुत लेखात आम्ही या सुत्ताचा आणि त्याच्याशी निगडित अन्य उल्लेखांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणार आहोत.

सुत्तातील प्रसंग श्रावस्तीचा आहे. कोसलनरेश पसेनदी हा त्या काळी एका द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असेच भोजन करून, धापा टाकीत तो भगवंतांजवळ येऊन बसला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा म्हटली. तिचा आशय असा की, जो सदैव स्मृतिमान राहतो आणि मिळालेल्या अन्नातही मात्रा जाणतो, त्याच्या वेदना क्षीण होतात आणि तो आयुष्य जपत सावकाश वृद्ध होतो. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा भगवंतांकडून पाठ करून घेण्यास आणि आपल्या भोजनाच्या वेळी रोज म्हणण्यास सांगितले. त्याबद्दल त्याला दररोज शंभर कार्षापण देण्याचे ठरले. पुढे राजा क्रमाक्रमाने एका नाळीभर भातावर आला. काही काळाने त्याचे शरीर हलके व सुडौल झाले, तेव्हा स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत त्याने उद्गार काढले की, भगवंतांनी आपले इहलोकीचे आणि परलोकीचे असे दोन्ही प्रकारचे हित साधून दिले.

द्रोण आणि नाळी ही वजने नव्हेत, ती धान्य मोजण्याची मापे होत. आपल्याकडे जुन्या पिढीत पायली, अधोली, शेर ही मापे होती, तशीच. प्रचलित कोष्टकानुसार चार नाळींचा एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण होतो. म्हणजे राजाचा आहार सोळाव्या हिश्श्यावर आला. मापांचे प्रमाण प्रदेशपरत्वे बदलत असल्यामुळे त्याचे आजच्या किलोग्रॅममध्ये रूपांतर करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. महत्त्वाचा शब्द आहे तो ‘क्रमाक्रमाने’ हा.

हा क्रम कसा साधला, याचा तपशील अट्ठकथेत येतो. धम्मपद-अट्ठकथेत गाथा म्हणणारा तरुण हा राजाचा भाचा आहे. राजाचे भोजन संपत आले की त्याने गाथा म्हणावी, राजाने हातातला घास खाली टाकावा, त्या घासातील शिते मोजावीत आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवावेत, अशी योजना तेथे सांगितली आहे. अट्ठकथांना आजचे रूप इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास मिळाले. त्यामुळे हा तपशील बुद्धकालीनच आहे, असा आग्रह धरता येणार नाही. तथापि एकदम उपवास न करता एकेक घास कमी करावा, ही रीत परंपरेला योग्य वाटली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आजच्या भाषेत ज्याला ‘प्रेरणा’ म्हणतात, तिचा विचार करता या कथेतील काही गोष्टी लक्षणीय ठरतात. पहिली गोष्ट, सुत्तात राजाची निर्भर्त्सना नाही. अतिभोजन करून लोळणाऱ्याला डुकराची उपमा देणारी एक गाथा धम्मपदात आहे आणि अट्ठकथा तिचाही संबंध याच राजाशी जोडते. पण दोणपाक सुत्तातील गाथेत मात्र निंदेचा शब्द नाही, तिच्यात केवळ लाभ सांगितला आहे. दुसरी गोष्ट, उपदेश ऐकून आपण बदलू, यावर राजा विसंबला नाही. आपला निश्चय ताटासमोर टिकणार नाही हे तो जाणत होता. म्हणून आठवण करून देणारा माणूस त्याने नेमला, आणि तोही नेमका भोजनाच्या वेळी. तिसरी गोष्ट, हा नियम त्याच्यावर कोणी लादला नाही. व्यवस्था त्याची, खर्चही त्याचाच. मज्झिमनिकायातील धम्मचेतिय सुत्तात पसेनदी स्वतःचे वय ऐंशी वर्षांचे सांगतो. त्याचे श्रेय आहारसंयमाला देण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. परंतु गाथेतील ‘सावकाश वृद्ध होणे’ ज्याच्या वाट्याला आले, असा तो माणूस होता खरा.

व्यायामाविषयीही तिपिटकात पुरावा आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात असे वर्णन येते की, वैशालीत उपासकांनी एकापाठोपाठ एक मिष्टान्नाची भोजने दिली आणि ती खाऊन भिक्षूंची शरीरे जड व रोगी झाली. वैद्य जीवक तेथे आला असता त्याने हे पाहिले आणि भगवंतांना दोन गोष्टींना अनुज्ञा देण्याची विनंती केली : चंक्रमण, म्हणजे येरझारा घालण्याची जागा, आणि जंताघर, म्हणजे घाम काढण्याचे स्नानगृह. भगवंतांनी ती मान्य केली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची क्षमता, प्रयत्नाची क्षमता, अल्प व्याधी, खाल्लेल्या अन्नाचे चांगले पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी, असे ते होत. ज्या चंक्रमणाला आपण केवळ ध्यानाचे अंग समजतो, त्याच्यामागे एका वैद्याची सूचना आहे, हे विसरता कामा नये.

मात्र या साऱ्यावरून कृशता हाच सद्गुण, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सम्यक संबोधीपूर्वी सिद्धार्थ गौतमांनी अन्नत्यागाची परिसीमा गाठली होती आणि तो मार्ग निष्फळ म्हणून सोडला होता. महासकुलुदायी सुत्तात तर भगवान स्पष्ट सांगतात की, आपले काही श्रावक वाटीभर अन्नावर राहतात, पण आपण स्वतः कधी काठोकाठ भरलेले पात्र आणि कधी त्याहूनही अधिक भोजन करतो. तेव्हा अल्पाहार हे आपल्याविषयीच्या आदराचे कारण असू शकत नाही. भिक्षूने अन्न क्रीडेसाठी, मदासाठी किंवा शरीर सजविण्यासाठी घेऊ नये, ते देह टिकावा म्हणून घ्यावे, असे चिंतन सांगितले आहे. याचा अर्थ, दिसण्यासाठी खाणे जसे त्याज्य, तसे दिसण्यासाठी उपाशी राहणेही त्याज्य. मात्रा जाणणे म्हणजे कमी खाणे नव्हे. आपल्या शरीराला किती पुरते, हे ओळखणे होय.

या विचाराचा आपल्या परिसराशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. सांची व भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे आणि 1973 मधील उत्खननात तेथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. समृद्धीचे नाव धारण करणाऱ्या त्या नगराचे दाते बुद्धाच्या मार्गाशी जोडलेले होते. पुढे कुंडलिकेच्या काठी जुना आणि नवीन जालना वसला, मोंढ्याची भरभराट झाली आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण रूढ झाली.

परंतु त्या पाळण्यात सर्वांना जागा नव्हती. 1972 च्या दुष्काळात याच मराठवाड्यात हजारो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. सुकडी आणि आयात केलेला मिलो हेच अनेकांचे अन्न होते. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना ती भूक आठवते. भरलेले ताट हे त्यांच्या दृष्टीने चैन नाही, ती प्रतिष्ठेची खूण आहे. आज त्याच घरांतील पुढची पिढी दुकानात, कार्यालयात, वाहनावर बसून काम करते. श्रम घटले, साखर व तेल वाढले आणि मधुमेह, रक्तदाब घरोघरी आले. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे एक पंचमांश स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी, तर एक चतुर्थांशाच्या जवळपास स्त्रियांचे अधिक आहे. द्रोण आणि रिकामी नाळी एकाच राज्यात, कधीकधी एकाच गल्लीत नांदत आहेत. म्हणून ‘कमी खा’ हा उपदेश सरसकट करता येत नाही. तो कोणाला करायचा, हे आधी पाहावे लागते.

अलीकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती महाराष्ट्रभर पोहोचविली. त्या पद्धतीची वैद्यकीय चिकित्सा करणे हे आमचे क्षेत्र नव्हे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणताही बदल करू नये. इतिहासाच्या दृष्टीने एवढेच नोंदवावेसे वाटते की, भोजनाचा काळ मर्यादित करून आरोग्य साधण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. भगवंतांनी भिक्षूंना एकवेळच्या भोजनाचे लाभ सांगताना अल्प व्याधी, शरीराचा हलकेपणा, बल आणि सुखाने राहणे यांचाच निर्देश केला होता. त्याच वेळी भद्दाली नावाच्या भिक्षूने ‘हे मला जमणार नाही’ असे उघडपणे सांगितले आणि भगवंतांनी त्याला अन्नाचा काही भाग नंतर खाण्याची मुभा देऊ केली, हेही मज्झिमनिकायाने लपविले नाही.

आमच्या उपासक-उपासिकांना आमची विनंती अशी की, वजनाच्या काट्याची लाज बाळगू नये आणि इतरांच्या शरीराची थट्टाही करू नये. ज्यांना वैद्यकीय कारणाने आहार कमी करावयाचा आहे, त्यांनी घरातीलच एखाद्याला सुदस्सनाचे काम सांगावे. त्यासाठी शंभर कार्षापणांची गरज नाही. वर्षावासातील भोजनदानाच्या वेळी वाढणाऱ्यांनीही आग्रह आवरावा, आणि विहाराच्या अंगणात चंक्रमणासाठी थोडी जागा मोकळी ठेवावी.