सनदेतली परवान्याची ओळ

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. तांत्रिक मानकं ठरवणारा एखादा गट स्थापन होतो, तेव्हा त्याच्या सनदेत (म्हणजे चार्टरमध्ये) सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी स्पष्ट का लिहाव्या लागतात? सुरुवात मात्र पंढरपूरपासून करते, कारण प्रश्नाचं मूळ मला तिथेच कळलं.

विठ्ठल सगळ्यांचा, हे वारकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण देवापुढे आलेलं उत्पन्न कुणाचं? पूजेचा अधिकार कुणाचा? बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे हक्क वहिवाटीने चालत आले होते, आणि त्यावरचे वादही. शासनाने नाडकर्णी आयोग नेमला. पुढे पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ आला आणि वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. त्याला न्यायालयात आव्हान मिळालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं! ‘सगळ्यांचं आहे’ असं म्हणणं वेगळं आणि कुणी काय करू शकतं हे लिहून ठेवणं वेगळं, एवढं यातून ध्यानात ठेवा.

आता वेबकडे या. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ साली सुरू झाली. तिची मानकं कुणालाही फुकट वाचता येतात. पण वाचता येणं म्हणजे वापरता येणं नव्हे. दस्तऐवजांच्या जुन्या परवान्यात मजकूर जसाच्या तसा वाटायची मुभा होती, बदलून नवी आवृत्ती काढायची नव्हती. सॉफ्टवेअरचा परवाना मात्र बदलालाही मोकळा होता. आता गंमत बघा: मानकात मजकूर आणि कोड शेजारी-शेजारी नांदतात. त्यातला तुकडा तुम्ही प्रोग्राममध्ये घेतलात, तर अट कोणती लागू?

२००४ च्या पेटंट धोरणाने मानक अमलात आणण्यासाठी लागणारी पेटंटं रॉयल्टीशिवाय मिळण्याची सोय केली. पण पेटंट वेगळं आणि कॉपीराइट वेगळा, त्यामुळे हा प्रश्न उरलाच. २०१५ मध्ये सॉफ्टवेअर आणि दस्तऐवज दोन्हींना चालणारा, बदलाची मुभा देणारा परवाना आला. आज गटाच्या सनदेत ‘लायसन्सिंग’ असा वेगळा भाग असतो आणि कोणता परवाना लागू, ते तिथे नाव घेऊन सांगतात. एचटीएमएलचं मानक सांभाळणारा व्हॉटडब्ल्यूजी हा गट तर आणखी नेमकं लिहितो: मानकाला क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.०, आणि त्यातला जो भाग सोर्स कोडमध्ये जाईल त्याला बीएसडी. वरचा घोळ एका वाक्यात मिटला.

तुम्हाला याचं काय? आम्ही तिघांनी मिळून कोड लिहिला होता. एक जण मध्येच सोडून गेला. पेपरसोबत कोड द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या भागाची परवानगी कुणाकडेच नव्हती, आणि तो भाग पुन्हा लिहावा लागला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली प्रोग्रामलाही संरक्षण आहे. परवाना लिहिला नाही, तर इतरांना मुभा मिळत नाही. कोड इंटरनेटवर उघडा पडलेला असला तरीही.

म्हणून संशोधन सुरू करताना, सगळे गोडीत असतानाच, तीन ओळी लिहून घ्या: कोडला कोणता परवाना, मजकुराला कोणता, डेटाला कोणता. आज दहा मिनिटांचं काम आहे.