स्टेनलेस स्टीलमधील ताण-क्षरण तडे
9 मे 1985 रोजी स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून 12 जण ठार झाले. छत पेलणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या तुटल्या होत्या.

दोषी होते क्लोराइड. तलावाच्या दमट हवेतून ते सळ्यांवर साचते. छताआड पुसायला कोण जाणार? हा क्षारथर ओलावा शोषून तीव्र द्रावण बनतो, क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा भेदतो आणि ताणाखालच्या धातूत फांद्यांसारखे तडे पसरतात. बाहेरून गंज फारसा दिसेलच असे नाही. असे तडे साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वरच जातात, हा समज उस्टरने मोडला.

तलावाच्या पाण्यात बुडालेली स्टेनलेस स्टीलची शिडी मात्र सहसा शाबूत राहते, कारण तिच्यावर असा क्षारथर साचत नाही! तलावावरील छताच्या आधारासाठी स्टेनलेस स्टीलचे 304 आणि 316 हे नेहमीचे प्रकार भरवशाचे नाहीत. तेथे सुमारे 6 टक्के मॉलिब्डेनम असलेले पोलाद लागते.