डोळ्यांचे दुसरे काम

विश्रामबाग (सांगली) : विलिंग्डन आणि वालचंद या महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असलेल्या विश्रामबागेत परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळणे नवे नाही. मात्र हा प्रकाश केवळ पुस्तक दाखवत नाही. 'अजून दिवस मावळलेला नाही' असा निरोपही तो मेंदूला देत असतो.

डोळ्यांच्या पडद्यावरील दंडपेशी व शंकूपेशींमुळे माणसाला दिसते. प्रकाश टिपण्याचे काम एवढ्याच पेशी करतात, असा समज दीर्घकाळ होता. त्याला पहिला तडा १९२३ मध्ये गेला. दृष्टिहीन उंदरांच्या बाहुल्याही उजेडात आकुंचन पावतात, असे अमेरिकेतील क्लाइड कीलर यांना आढळले. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व सहकाऱ्यांनी बेडकाच्या त्वचेत 'मेलानॉप्सिन' हे प्रकाशसंवेदी प्रथिन शोधले. हे प्रथिन असलेल्या डोळ्यांतील मोजक्या चेतापेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

या पेशींचा संदेश मेंदूतील जैविक घड्याळाच्या केंद्राकडे जातो. प्रकाश असेपर्यंत हे केंद्र मेलाटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखून धरते. निळसर प्रकाशाचा परिणाम सर्वाधिक होत असल्याने रात्री मोबाइलचा पडदा किंवा पांढराशुभ्र दिवा झोप पुढे ढकलू शकतो.

अंध व्यक्तींच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. काही पूर्ण अंध व्यक्तींमध्येही प्रखर प्रकाशाने मेलाटोनिन घटते, असे १९९५ मध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे दिसत नसलेला प्रत्येक डोळा निरुपयोगी ठरत नाही. ज्यांच्यापर्यंत हा संदेशही पोहोचत नाही, अशा अनेकांची झोप मात्र रोज थोडी थोडी सरकत जाते.

सांगलीकरांसाठी आणखी एक मुद्दा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. सांगली सुमारे ७४.६ अंशांवर आहे. म्हणजे येथील सूर्य घड्याळापेक्षा साधारण अर्धा तास मागे असतो. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सातनंतर होतो. सकाळी सातच्या वर्गासाठी निघणारा विद्यार्थी घड्याळाने जागा झालेला असला, तरी त्याच्या मेंदूची पहाट अजून व्हायची असते. अशा वेळी रात्री मंद दिवा आणि सूर्योदयानंतर थोडा वेळ मोकळ्यावर फिरणे, हा बिनखर्चाचा उपाय ठरतो.