गृहशुश्रूषेची वाटचाल : लिव्हरपूल ते खानदेश

इसवी सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. साहजिकच इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. खानदेशचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलच्या बंदरात उतरू लागला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली आणि जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपास आली. हा इतिहास येथील व्यापारी घराण्यांना नवा नाही. परंतु ज्या काळात येथील गाठी लिव्हरपूलला रवाना होत होत्या, त्याच काळात त्या शहरातील एका व्यापाऱ्याने रुग्णसेवेच्या क्षेत्रात एक नवी प्रथा रूढ केली, हे फारसे कोणास ठाऊक नाही. रुग्णाच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी प्रशिक्षित परिचारिका, ही ती प्रथा होय. आज खानदेशातील घराघरांत या परिचारिकेची उणीव भासू लागली असताना तिचा इतिहास जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

एका व्यापाऱ्याचा पुढाकार

विल्यम रॅथबोन हे त्या व्यापाऱ्याचे नाव. त्यांच्या घराण्याच्या पेढीच्या व्यवहारात कापूसही होता. १८५९ साली त्यांच्या पत्नीचे दीर्घ आजाराने निधन झाले. अखेरच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने घरी राहून तिची सेवा केली होती. सर्व सुखसोयी असलेल्या घरातही शिकलेल्या हातांनी रुग्णाला एवढा आराम मिळतो, तर जेथे औषध नाही, अंथरूण नाही, अशा घरांतील रुग्णांचे हाल काय असतील, हा विचार रॅथबोन यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी मेरी रॉबिन्सन यांना तीन महिन्यांच्या वेतनावर नेमले आणि गरीब वस्तीतील आजाऱ्यांच्या घरी पाठविले. महिनाभरातच ती बाई डोळ्यांत पाणी आणून परतली. एवढे दैन्य आपल्याने पाहवत नाही, या कामातून मोकळे करा, अशी तिने विनवणी केली. रॅथबोन यांनी तिची समजूत घातली. तीन महिने पूर्ण झाले, तेव्हा मात्र हेच काम पुढे चालू ठेवण्याची इच्छा तिने स्वतःहून व्यक्त केली.

रॅथबोन यांनी काम वाढविण्याचे ठरविले, तेव्हा खरी अडचण पुढे आली. वेतन द्यावयास पैसा होता, परंतु शिकलेल्या परिचारिकाच मिळेनात. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. परिचारिका बाहेरून मागविण्यापेक्षा लिव्हरपूलमध्येच घडवाव्यात, असे त्यांनी सुचविले. त्यानुसार १८६२ मध्ये तेथील रॉयल इन्फर्मरी रुग्णालयाशी जोडलेली प्रशिक्षण शाळा उभी राहिली. पुढे शहराचे अठरा विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी परिचारिका नेमण्यात आली. प्रथम प्रशिक्षण आणि मग सेवा, हा क्रम तेव्हापासून मान्य झाला.

वैयावृत्त्याची परंपरा

जैन परंपरेला रुग्णसेवेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना होते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या दहा जणांची सेवा करावी असे सांगितले आहे, त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रोगाने क्लांत झालेल्या साधूचा स्वतंत्र उल्लेख आहे. सेवेला तपाचा दर्जा देणारी ही दृष्टी फार मोलाची आहे. तथापि तपाला जसा विधी असतो, तसा शुश्रूषेलाही असतो. भावना कितीही निर्मळ असली, तरी रुग्णाच्या नाकातील नळी जागेवर आहे की नाही हे भावनेने कळत नाही. ते शिकावेच लागते.

धुळ्याची आठवण आणि पुण्याचे सेवासदन

महाराष्ट्रात हे शिक्षण भारतीय स्त्रियांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय रमाबाई रानडे यांच्याकडे जाते आणि त्यांच्या चरित्रात धुळ्याला स्थान आहे. १८७९ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची बदली धुळ्यास झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस होते. सरकारचा रानड्यांवर संशय होता आणि काही काळ त्यांच्या पत्रांवरही पाळत होती. त्या वेळी रमाबाईंचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकात धुळ्यातील वास्तव्याचा वृत्तान्त आला आहे.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती निवर्तले. त्यानंतर १९०९ साली रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदन स्थापन केले. १९११ च्या सुमारास सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी मात्र परक्या माणसाच्या जखमा धुणे, मलमूत्र काढणे ही कामे उच्चवर्णीय घरांतील स्त्रीने करणे म्हणजे घराण्याला बट्टा मानला जाई. विधवांची तर घराबाहेर पडण्याचीच चोरी होती. रमाबाईंनी अशा स्त्रियांना धीर दिला, त्यांच्या निवासाची व्यवस्था केली आणि समाजाचे बोल सोसले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली काशीबाई गणपत या भारतीय स्त्रीने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते; परंतु अशी उदाहरणे विरळा होती. सेवासदनाने एकेकट्या स्त्रीच्या धाडसाला संस्थेचे पाठबळ मिळवून दिले.

गडचिरोलीचा प्रयोग

घरी गंभीर रुग्णाची शुश्रूषा होऊ शकते काय, या प्रश्नाचे सर्वांत ठाम उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथील खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे बासष्ट बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावत होती. रुग्णालय दूर, वाट जंगलाची आणि बाळंतिणीला घराबाहेर न नेण्याची रूढी. तेव्हा उपचारच घरी नेण्याचे बंग दांपत्याने ठरविले.

१९९५ पासून एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. या स्त्रियांचे शिक्षण जेमतेम शालेय होते. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, ऊब टिकविणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, इथपर्यंत त्या शिकल्या. गावातील बाईच्या हाती सुई देण्याची कल्पना अनेकांना धोक्याची वाटली. परंतु प्रत्येक बालकाची नोंद ठेवली जात होती आणि कामाची तपासणी होत होती. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. नवजात मृत्युदर तीन वर्षांत हजारी पंचवीसच्या आसपास उतरला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने हा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहआधारित काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

या यशाचे रहस्य तीन गोष्टींत आहे. काम नेमके ठरलेले होते, ते करवून घेऊन शिकविले होते आणि नंतर त्यावर सतत देखरेख होती. यांपैकी एकही गोष्ट वगळली असती, तर हिशेब जुळला नसता.

यंत्रे घरी आली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्राने असाध्य वाटणारे रुग्ण वाचविले; परंतु त्यांतील काही जण यंत्राच्या आधारानेच जगू लागले. अमेरिकेत केटी बेकेट नावाची बालिका मेंदूज्वरानंतर कृत्रिम श्वसनयंत्रावर होती. तिची काळजी घरी घेणे शक्य होते आणि खर्चही कमी होता. पण सरकारी योजनेचा पैसा मुलगी रुग्णालयात असेल तरच मिळे. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा नियम जाहीरपणे चुकीचा ठरविला. नियमाला अपवाद करण्यात आला आणि केटी घरी आली. ती २०१२ पर्यंत जगली. तिच्यानंतर असंख्य बालकांना घरची वाट मोकळी झाली.

भारतात कर्करुग्णांच्या निमित्ताने हा विचार रुजला. १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन उभे राहिले. १९९३ मध्ये केरळातील कोझिकोडे येथे वेदनाशामक सेवेची संस्था निघाली. केरळ शासनाने २००८ मध्ये याविषयीचे धोरण स्वीकारले आणि गावोगावी घरभेटी देणाऱ्या परिचारिका दिसू लागल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र रुग्णसेवेबरोबर प्रशिक्षणाचेही कार्य करीत आले आहे.

खानदेशची गरज

धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावास २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि दोन्ही जिल्ह्यांत परिचर्येचे शिक्षण मिळते. तरीही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्ण नाशिक, मुंबई वा पुण्यास जातात. परतताना कोणाच्या गळ्यात श्वासनलिकेची ट्यूब असते, कोणाच्या नाकात अन्नाची नळी, कोणास लघवीचा कॅथेटर. निघतेवेळी दहा मिनिटांत सूचना दिल्या जातात आणि त्या ऐकणारी सून वा मुलगी त्या क्षणापासून परिचारिका होते. मुले नोकरीनिमित्त परगावी असतील, तर वृद्ध पत्नीवर हा भार पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढील नागरिक ९.९ टक्के होते. हे प्रमाण वाढतच जाणार आहे. ब्युरोतून येणारी प्रत्येक ‘सिस्टर’ शिकलेली असतेच असे नाही. २०२० व २०२१ च्या महामारीत घरोघरी ऑक्सिजनची यंत्रे आली, तेव्हा यंत्र मिळविण्याइतकेच ते नीट चालविणारा माणूस मिळविणे कठीण असते, हे सर्वांनी अनुभवले.

रुग्णालयात परिचारिकेच्या हाकेला डॉक्टर असतो; घरी ती एकटी असते. म्हणून घरच्या कामाचे शिक्षण वेगळे हवे. गळ्यातील ट्यूबमधून कफ ओढताना दहा-पंधरा सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये आणि जास्तीची ट्यूब नेहमी उशाशी असावी. नळीने अन्न देण्यापूर्वी नळीची जागा तपासावी, डोके उंच ठेवावे व नंतरही काही वेळ तसेच राहू द्यावे. दर दोन तासांनी कूस बदलावी. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी. वीज गेली आणि श्वसनयंत्र थांबले, तर हाताने दाबावयाची अंबू बॅग जवळ असावी व ती वापरता यावी. धोक्याचे कोणते चिन्ह दिसताच डॉक्टरांना कळवावयाचे, हे लिहून भिंतीवर लावलेले असावे.

याखेरीज घराघराची आणि प्रदेशाची जाण हवी. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या अंगातील पाणी कमी झाल्याचे वेळीच ओळखावे लागते. जैन घरांतील ज्येष्ठ मंडळी चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर औषधही घेत नाहीत. अशा वेळी हटवादाने काम होत नाही. डॉक्टरांशी बोलून कोणते औषध व आहार दिवसा देता येईल याचे वेळापत्रक बसविणारी आणि जे रात्री टाळता येणार नाही ते प्रेमाने पटवून देणारी परिचारिकाच त्या घरात टिकते. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दीप वा धूप लावू नये, हे सांगण्याचे धैर्यही तिच्यात असावे लागते.

आणि तिचाही विचार व्हावयास हवा. काही घरांत परिचारिकेला मोलकरणीप्रमाणे वागविले जाते. तिच्या झोपेची, जेवणाची, रात्री सुरक्षित घरी पोहोचण्याची व्यवस्था कोणी पाहत नाही. मेरी रॉबिन्सन पहिल्या महिन्यात रडत परतली, कारण तिला ते दैन्य पाहवले नाही. रमाबाईंनी शिकणाऱ्या स्त्रियांच्या निवासाचाही विचार केला, तो याच जाणिवेतून. योग्य वेतन, मान आणि पाठीशी एखादा डॉक्टर, एवढे मिळाले तर सातपुड्याच्या पायथ्यापासून साक्री-शिरपूरपर्यंतच्या अनेक मुली या कामात सन्मानाने उभ्या राहतील.

खानदेशातील दानशूरांनी आजवर धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ आणि दवाखाने उभारले. इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते. शिकलेल्या हातांवर ते कोरता येत नाही. परंतु लिव्हरपूलच्या त्या व्यापाऱ्याने एका परिचारिकेच्या तीन महिन्यांच्या वेतनापासून आरंभ केला होता, हे विसरता कामा नये. तेवढा आरंभ करणे कोणत्याही गावाच्या आवाक्यातले आहे.