गुलाबी बोंडअळी : प्रतिकार आणि त्याची किंमत

गेलेचिइडी कुलातील करड्या-तपकिरी, जेमतेम सेंटिमीटरभर पतंगाची अळी. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी १८४० च्या दशकात तिचे वर्णन केले.

फुलात शिरलेली अळी पाकळ्या धाग्यांनी गुंफते. मिटल्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या या फुलाला डोमकळी म्हणतात. पुढच्या पिढ्या हिरव्या बोंडात शिरतात आणि शिरकावाचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून धडधाकट. फोडावे तर डागाळलेली रुई आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या, त्यांच्या पोटात अळी. फवारा इथवर पोचत नाही. झाडातच विष असलेल्या बीटी कपाशीचे अप्रूप त्यामुळेच.

भारतात क्राय१एसी या विषारी प्रथिनाची बीटी कपाशी २००२ मध्ये आली, क्राय२एबी जोडलेली २००६ मध्ये. अमरेलीसह गुजरातेतील काही जिल्ह्यांत अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसरेही निकामी ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भाला त्याचा फटका बसला. त्यात बियाण्याचा दोष किती आणि लांबवलेल्या हंगामाचा किती, याबद्दल मतभेद आहेत.

बीटीचे विष अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन प्रथिनाला चिकटते. त्याचे जनुक बिघडले की क्राय१एसी चिकटत नाही आणि अळी वाचते. हा गुण अप्रभावी आहे : बिघडलेली प्रत आईबाप दोघांकडून आली, तरच अळी तगते. तगण्याचे मोलही पडते. ॲरिझोनातील प्रयोगांत अशा अळ्या साध्या कपाशीवर कमी जगल्या, हिवाळी सुप्तावस्थेतून त्यांचे पतंगही कमी निघाले. झाडात गॉसिपॉल हे कपाशीचे नैसर्गिक विष वाढले की तोटा आणखी वाढला. मात्र हा तोटा साध्या कपाशीवरच होतो. रानभर बीटी असेल, तर बिघडलेले जनुकच फायद्यात. त्यात ही अळी जवळपास कापसावरच जगते. तूर-हरभऱ्याचा आसरा तिला चालत नाही. म्हणून शेजारी साध्या कपाशीचे आश्रय पीक हवे : तिथे वाचलेल्या पतंगांशी मीलन झाले, की पुढच्या अळीला बिघडलेली प्रत एकाकडूनच मिळते आणि ती बीटीवर मरते. भारतात ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे पाकीट मिळे, पण अळीला मुद्दाम जेवू घालणाऱ्या ओळी कोण लावणार? बहुतेक पाकिटे तशीच पडून राहिली. चीनच्या यांगत्से खोऱ्यात संकरित वाणाची दुसरी पिढी पेरली गेली, तेव्हा पाव हिस्सा झाडे आपोआप बिगरबीटी निघाली आणि प्रतिकार ओसरला. अमेरिकेने आश्रय पिकाला वांझ पतंगांची जोड दिली. २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून कीड हद्दपार झाल्याची घोषणा झाली.

नियंत्रण : एका कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग आढळल्यास उपाय योजावेत, फरदड (वेचणीनंतरही राखून लांबवलेले पीक) घेऊ नये.