स्पोर

स्पोर : जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा व्हिडिओ गेम. ‘सिमसिटी’चे कर्ते विल राइट यांच्या कल्पनेतून मॅक्सिस या अमेरिकी स्टुडिओने तो घडवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००८ मध्ये प्रकाशित केला. पेशी, प्राणी, टोळी, संस्कृती आणि अंतराळ अशा ५ टप्प्यांत खेळण्याची तऱ्हाच पालटते. सुरुवातीला ‘पॅक-मॅन’सारखी खाण्या-पळण्याची धांदल, पुढे डावपेच, आणि शेवटी यानातून आकाशगंगेत मुक्त संचार. खेळाडूने मातीच्या गोळ्यासारखा घडवलेला प्राणी तीन पायांचा असो वा सहा, त्याची चाल संगणक तिथल्या तिथे रचतो. खरी किमया हीच. मधले टप्पे मात्र त्रोटक वाटतात. अंतराळाचा टप्पा सर्वांत विस्तृत. ‘गॅलॅक्टिक अ‍ॅडव्हेंचर्स’ ही पुरवणी २००९ मध्ये आली.